ऊन विचारायचं राहिलं

वाळवणाचा धंदा करायचा म्हणून मी जी गच्ची भाड्याने घेतली, तिच्यावर ऊन येत नव्हतं.

पहिल्या वर्षी हे वाक्य माझ्या तोंडून निघत नसे. कोणी खोदून विचारलंच तर मी "जागेची जरा अडचण आहे" एवढं म्हणून आंब्यांच्या विषयावर घसरत असे. आता चार वर्षं झाली. आता मी ते न विचारता सांगतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो. आपली चूक आपणच आधी सांगून टाकली की समोरच्याला फार काही करता येत नाही, असा माझा समज आहे. पुण्यात तो समज टिकत नाही, पण आहे.

अगदीच येत नव्हतं असंही नाही. पावणेअकराला येई आणि दीडला जाई. गच्चीच्या पूर्वेला नवी अकरा मजली इमारत होती आणि पश्चिमेला दुसऱ्या एका इमारतीची पाण्याची टाकी. त्या दोघींच्या मधल्या फटीतून सूर्य आमच्याकडे डोकावून जाई. ओळखीच्या घरी तेराव्याला तोंड दाखवून निघणाऱ्या माणसासारखा तो यायचा, जरा वेळ डोक्यावर उभा राहायचा आणि जायचा.

हे मला जागा घेताना दिसलं नाही, कारण मी जागा बघायला सव्वाबाराला गेलो होतो. सव्वाबाराला का, तर घरमालकांची वेळ तीच होती. सदाशिव पेठेतली जागा, तिथलेच मालक. त्यांची पूजा दहापर्यंत चाले, साडेअकराला जेवण, एक वाजता आडवं होणं, आणि चारनंतर ते वाचनालयात. जेवण आणि झोप यांच्यामध्ये जी फट राहते त्यात ते भाडेकरूंना भेटत. म्हणजे त्या गच्चीचं आणि मालकांचं वेळापत्रक जवळजवळ एकच होतं. मी गेलो तेव्हा गच्ची नुसती लखलखत होती. पायाला चटके बसत होते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मालकांना म्हणालो, "वा! हेच पाहिजे होतं!"

पुढे मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाण्याचं विचारलंत, लिफ्टचं विचारलंत, खालच्या मजल्यावर कुत्रा आहे का तेही विचारलंत. ऊन विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

*

परवा दुपारी मंडईतून परत आलो, स्कूटरवर बसलो आणि सीटचा असा चटका बसला की उठून उभाच राहिलो. होळी होऊन आठवडा झालेला. रस्त्यावरच्या कडुलिंबाला नवी तांबूस पालवी, आणि हवेत तो कोरडा, भाजलेल्या मातीचा वास. आणि लगेच, काही कारण नसताना, नाकात तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास आला. तो वास खरं तर चांगला नाही. नव्या माणसाला तो ओल्या पायमोज्यांचा वाटतो. पण त्या वासाबरोबर पहिल्या वर्षाचा तो उन्हाळा सबंध माझ्यासमोर येऊन बसतो.

त्या उन्हाळ्यात मी एक्कावन्न वर्षांचा होतो. सव्वीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी केली होती. कारखाना गुजरातेत हलला. आम्हाला दोन पर्याय होते, बरोबर जा किंवा पैसे घेऊन घरी बसा. मी घरी बसलो. कोणत्या खात्यात होतात, असं कोणी विचारलं की आजही माझी नजर जमिनीकडे जाते. मी प्लॅनिंग खात्यात होतो.

घरी बसल्याच्या पहिल्या महिन्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या महिन्यात मसाल्याच्या डब्यांना नावं चिकटवली. तिसऱ्या महिन्यात मंजिरी, म्हणजे माझी बायको, कॉलेजच्या ऑफिसातून दमून आली आणि बघते तर मी फ्रीजमधल्या भाज्या तारखेप्रमाणे लावत होतो. ती पर्स न ठेवताच म्हणाली, "अहो, तुम्ही काहीही करा. चोऱ्या करा. पण घरातून जा."

आमच्याकडे तेव्हा शोभाताई पोळ्या करायला येत. मूळच्या यवतमाळकडच्या. नवऱ्याला इकडे कारखान्यात काम लागलं तशा पुण्याला आल्या, विश्रांतवाडीला राहतात. तिथून दोन बस बदलून त्या पेठेत येत आणि चार घरच्या पोळ्या करत. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. एवढ्या वर्षांत पुण्याचं पाणी त्यांच्या बोलण्याला फारसं लागलेलं नाही. मला त्या पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणतात.

त्यांनी आदल्या उन्हाळ्यात आमच्या बाल्कनीत थोड्या कुरडया घातल्या होत्या. आमरसाचं जेवण होतं. शोभाताईंनी कढईत एक कुरडई सोडली. ती तळाशी गेली, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग एकदम ती चहूबाजूंनी फुलून पांढरीशुभ्र होऊन वर आली, शेवंतीचं फूल उमलावं तशी. मी तोंडात टाकली. ती चावावी लागलीच नाही. मी तिसरी वाटी आमरस घेतला, सातवी कुरडई घेतली आणि पाटावरून जाहीर केलं, "शोभाताई, आपण याचा धंदा करायचा."

माणसाने इतक्या भरल्या पोटी बोलू नये. मी ते बोललो आणि दुपारी झोपलो. पण शोभाताई झोपल्या नव्हत्या. त्यांनी ते लक्षात ठेवलं. आणि मी नोकरीतून मोकळा होऊन भाज्या लावत बसलो आहे हे दिसल्यावर एक दिवस पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, ते कुरोड्याचं तुमी बोलले होते. करता का मंग?"

मी म्हणालो, "करू की."

"पक्कं?"

"पक्कं."

मला वाटलं, पुढच्या महिन्यात एकदा सविस्तर बोलू. चार दिवसांनी शोभाताई आल्या त्या सांगतच, "तीन घरं सोडली भाऊ. फक्त तुमचं ठेवलं. आता सांगा, गहू कवा भिजवाचे?"

मी मंजिरीकडे पाहिलं. मंजिरी माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी आयुष्यात प्रथम, प्रत्यक्ष उठून, जागा बघायला बाहेर पडलो. सव्वाबाराला.

*

मी योजना केली नव्हती असं कोणी म्हणू नये. लॅपटॉपवर तीन रंगांत तक्ता केला होता. त्यात 'संभाव्य धोके' असं एक सबंध पान होतं. कबुतरं, धूळ, वीज जाणं, ग्राइंडर बिघडणं, वळीव, शोभाताईंच्या घरी लग्नकार्य निघणं. अकरा धोके होते. सूर्य त्यात नव्हता. सूर्याला मी गृहीत धरलं होतं. सव्वीस वर्षं कच्चा माल वेळेवर न आल्याबद्दल इतरांवर ओरडलेला माणूस मी, आणि स्वतःच्या कारखान्याचा मुख्य कच्चा माल कुठून येतो हे मी बघितलंच नव्हतं.

कुरडईची एक गंमत आहे. ती एका दिवसात होत नाही. गहू आज भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, तीन दिवसांनी वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. मग त्याला शिजवायचं, हात न थांबवता घोटायचं. पांढरं दुधासारखं पाणी हळूहळू घट्ट होतं, पारदर्शक होतं, काचेसारखं चमकायला लागतं. ते गरम असतानाच सोऱ्यात भरून लुगड्यावर कुरडया घालायच्या. आणि माझ्या तक्त्याप्रमाणे आम्ही रोज सकाळी नवे गहू भिजवत होतो. म्हणजे कोणत्याही दिवशी आमच्याकडे तीन पिंपं भरलेली असत. आजचं, कालचं, परवाचं. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबायला जागा नाही.

पहिल्या दिवशी शोभाताईंनी चुलीला, म्हणजे गॅसला, हळदकुंकू लावलं. पहिली कुरडई देवाच्या नावाने कोपऱ्यात घातली. मग आम्ही आठ वाजेपर्यंत तीन लुगडी भरली. मी टोपी घालून, हातात काठी घेऊन, कबुतरांसाठी सज्ज होऊन बसलो. साडेआठ झाले. नऊ झाले. गच्चीवर छान गार वाटत होतं. मी तसं म्हणालोही.

शोभाताई पदराने हात पुसत समोरच्या अकरा मजल्यांकडे बघत होत्या. "भाऊ, इथं ऊन कवा येते?"

"येईल की."

दहा झाले. कबुतरंसुद्धा आली नाहीत. ती समोरच्या इमारतीवर उन्हात बसली होती.

त्या कुरडया तीन दिवस वाळत राहिल्या आणि वाळल्या नाहीत. बाहेरून कातडी धरली, आत ओल्याच. चौथ्या दिवशी त्यांना वास सुटला आणि कडेने गुलाबी झाक आली. देवाच्या नावाचीही गेली. देवालाही आम्ही सावलीच दिली होती.

मला आठवतं, ती तीन लुगडी आम्ही दोघांनी मिळून गुंडाळली. लुगडी शोभाताईंच्या आईची होती. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली, खास वाळवणासाठी यवतमाळहून आणलेली. त्यांवर कुरडयांचे गोल गोल डाग उरले होते. मी मनात वाक्य जुळवत होतो. शोभाताई, आपण यंदा थांबू, तुमची घरं परत मिळतील का बघा. वाक्य चांगलं जुळलं होतं. मी तोंड उघडणार इतक्यात त्या पिंपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे उद्या वाटाचे आहेत. फेकाचे नाईत. ऊन पाहा कुठं आहे ते."

*

ऊन शेजारी होतं. बोळ ओलांडून पलीकडे एक तीन मजली जुनी सोसायटी होती, आणि तिच्या पूर्वेला शाळेचं मैदान आणि पश्चिमेला बैठी घरं असल्यामुळे तिच्या गच्चीवर सकाळी सात ते संध्याकाळी सहा नुसतं ऊन सांडत असे. मी आमच्या गार गच्चीवरून रोज ती गच्ची बघत होतो. उपाशी माणसाने खाणावळीकडे बघावं तसं.

किल्ली कुमुदकाकूंकडे होती. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दार त्यांनी साखळी लावूनच उघडलं. मी सगळी हकिगत सांगितली. माझा आवाज मध्ये एकदा कापरा झाला, तो मी मुद्दाम केला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूर्व कुठे आहे?"

"अं?"

"तुम्ही उभे आहात तिथून. पूर्व. दाखवा."

मी दाखवली.

"ती वायव्य आहे. तुम्ही शाळेत कुठे होतात?"

मी सांगितलं.

"तरीच. आणि नोकरी?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "प्लॅनिंगमध्ये."

काकूंनी साखळी काढली. मला वाटतं, कीव येऊन काढली. त्या म्हणाल्या, "सूर्य उगवेल याची काळजी आपण करायची नसते. तो कुठे उगवतो एवढंच आपण बघायचं असतं. किल्ली देते. पण गच्चीवर दिवसभर तुम्ही बसायचं. त्या बाईंना बसवायचं नाही. त्या पहाटे उठून राबतात, मी खिडकीतून बघते. तुम्ही काय करता तेही बघते."

"मी काय करतो?"

"तेच तर. आणि चीक शिजला की एक वाटी मला. दूध-साखर घालून."

तेव्हापासून आमची वरात सुरू झाली. शिजवायचं आमच्या गच्चीवरच्या खोलीत, घालायच्या काकूंच्या गच्चीवर, आणि चीक गरम असतानाच तिथे पोचला पाहिजे. म्हणजे रोज सकाळी सात वाजता वाफाळतं पातेलं, एका कानाला शोभाताई, दुसऱ्या कानाला मी, चार मजले खाली, बोळ, तीन मजले वर. आमची लिफ्ट नेमकी सकाळी पाणी चढवताना बंद असे. बोळात क्लासला निघालेल्या मुलामुलींच्या स्कूटर थांबत. दूधवाला थांबे. एक गृहस्थ रोज फिरून येताना विचारत, "आज काय, सत्यनारायण?" तिसऱ्या दिवशी मी चिडून "बारसं" म्हणालो. चौथ्या दिवशी त्यांनी मुलगा की मुलगी विचारलं.

आणि मग मी बसे. काळी छत्री, पाण्याची बाटली, कबुतरांसाठी काठी. सात ते सहा.

एप्रिल-मेचं ऊन मी तोवर पन्नास वर्षं फक्त टाळलं होतं. सावलीतून सावलीत जाताना मधे जे लागतं ते ऊन, एवढीच माझी ओळख. तिथे बसून मला ते पहिल्यांदा दिसलं. सकाळचं ऊन पिवळं आणि तिरकं, कुरडयांच्या तारांमधून आरपार जाणारं. प्रत्येक कुरडई काचेची वाटे. दहानंतर ते पांढरं होई, आणि कुरडया हळूच, अगदी कान देऊन ऐकलं तर, कुरकुरायला लागत. साडेबाराला पालटायच्या. पालटताना बोटांना कळे, ही तयार आहे, ही अजून मनाने ओली आहे. दुपारी सगळी पेठ झोपे. खालच्या क्लासमधून माइकवर कोणीतरी राज्यघटनेची कलमं शिकवत असे. त्या दोन महिन्यांत मी मूलभूत हक्क पाठ केले. बुचाच्या झाडावर पोपट भांडत. चारला कोणाच्या तरी घरी चहाचं आलं ठेचलं जाई आणि तो ठक-ठक आवाज आणि तो वास गच्चीवर येई. तेव्हा मला जाणवे की मी इथेच जन्मलो, वाढलो, आणि माझ्याच पेठेची दुपार मी कधी बघितलीच नव्हती. मी भोसरीला होतो.

हे सगळं फार शांत, समाधानी वगैरे होतं असं समजू नका. मला लाज वाटत होती. शेजारच्या इमारतीतून कोणी वर बघितलं की मी छत्री खाली ओढे. एकदा ऑफिसातल्या जुन्या मित्राचा फोन आला, काय चाललंय म्हणाला. मी म्हणालो, "फूड प्रोसेसिंगमध्ये आहे." नेमकं तेव्हाच कबुतर उतरलं. मी "हुश्श! हुश्श!" केलं. तो म्हणाला, "कोणावर ओरडतोयस?" मी म्हणालो, "स्टाफवर."

*

मेच्या मध्यावर चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. जुन्या साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं. काम तेच, प्लॅनिंगचं. मुलाखत बुधवारी अकरा वाजता.

मी मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन या. मी काही म्हणणार नाही." ती खरंच काही म्हणाली नाही. एवढं ती सहसा करत नाही. फक्त शर्टाला इस्त्री करून ठेवली.

शोभाताईंना मात्र मी सांगितलं नाही. "प्लॅस्टिकच्या पिशव्या आणायला चाललोय, भवानी पेठेत. आजच्या दिवस तुम्ही बसा," म्हणालो. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात फाइल. म्हणाल्या, "या जाऊन."

चाकणचं ते ऑफिस गार होतं. इतकं गार की मला आमची ती पहिली गच्ची आठवली. काच निळसर होती, बाहेरचं ऊन तिच्यातून चांदण्यासारखं दिसत होतं. समोर तीन जण, तिघंही माझ्याहून लहान. चांगली माणसं होती. मला ती नोकरी मिळाली असती, असं मला अजून वाटतं. एकाने विचारलं, "पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठे बघता?" मी उत्तर देणार तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. बारा पंचवीस. आणि माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, निघालं, "पालटायची वेळ झाली."

ते म्हणाले, "म्हणजे बदल हवाय तुम्हाला. करिअरमध्ये."

मी हो म्हणालो. पण मन मुलाखतीत राहिलं नाही. ते काकूंच्या गच्चीवर गेलं. शोभाताई एकट्या, तीन लुगडी, पहाटेपासून उभ्या. मला एकदम कळलं की मी घाबरलो होतो ते धंद्याला नाही. या बाईंनी माझ्या एका 'पक्कं'वर तीन घरं सोडली होती, त्या विश्वासाला मी घाबरलो होतो. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. कंपनीने सव्वीस वर्षांत टाकला नव्हता. माझ्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागे.

मी मुलाखत संपवली, "कळवतो" म्हणालो. खरं म्हणजे ते त्यांचं वाक्य होतं.

परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. शोभाताई खोलीत कुरडया डब्यात भरत होत्या. वाळलेल्या कुरडयांचा तो सुका, हलका, वाळक्या पानांसारखा आवाज. मी दारात उभा.

"पिशव्या आणल्या का भाऊ?"

पिशव्या. मी साफ विसरलो होतो. मी म्हणालो, "दुकान बंद होतं."

त्या डबा भरत राहिल्या. मग माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. दोन पिंपं भरलेली होती. तिसरं, आजच्या गव्हाचं, धुऊन पालथं घातलेलं होतं. त्याच्या तळावर पाण्याचे थेंबही राहिले नव्हते, म्हणजे सकाळीच घातलेलं.

"शोभाताई, गहू?"

"नाई भिजवले."

"का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते एका बाजूने नीट बसत नसे, ते हाताने थापटून बसवलं. "भिजवले अन् तीन दिवसानं तुमीच नसले, तं मी त्या चिकाचं काय करू? बूट घालून पिशव्या आणाले कोणी जाते का भाऊ?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी बूट काढले. पिंप सुलटं केलं. गव्हाचं पोतं ओढलं, सुपात गहू घेतले आणि निवडायला बसलो. दोन महिन्यांत ते काम मी कधी केलं नव्हतं, ते तक्त्यात शोभाताईंच्या रकान्यात होतं. खडे दिसेनात, चष्मा लावला. मांडी घालून बसल्याने इस्त्रीची पँट गुडघ्यात ताणली. सूर्य पाण्याच्या टाकीमागे कधीच गेला होता आणि खोलीत तो संध्याकाळचा करडा उजेड होता. मी निवडले, तीनदा धुतले, पिंपात घातले, वर बोटभर पाणी येईल इतकं ओतलं. गहू तळाला बसले, थोडे बुडबुडे वर आले, आणि पाणी शांत झालं.

एवढंच. पण त्या पाण्याकडे बघताना मला माझ्या पोटात काहीतरी खाली बसल्यासारखं वाटलं. मला वाटत आलं होतं की धीर आधी गोळा करायचा, पुरेसा झाला की मग काम सुरू करायचं. मी तो एक्कावन्न वर्षं गोळा करत होतो. आता गहू भिजले होते. आता तीन दिवसांनी सकाळी मला तिथे असणं भागच होतं, धीर असो वा नसो. आणि गंमत म्हणजे, असणं भाग आहे म्हटल्यावर भीती जराशी बाजूला सरकून बसली. गेली नाही. अजूनही दरवर्षी पहिले गहू भिजवताना ती येतेच, शेजारी बसते. मी तिला जागा करून देतो.

*

आता आमच्याकडे सात जणी कामाला आहेत. गच्ची दुसरी आहे. ती मी सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला अशी तीनदा बघितली, चौथ्यांदा कुमुदकाकूंना रिक्षाने नेऊन दाखवली. धंदा शोभाताईंचा आणि माझा निम्मा-निम्मा आहे. पाकिटावर नाव त्यांचं आहे. मंजिरी रविवारी येऊन सगळ्यांचं काम बिघडवते आणि त्याला मदत म्हणते. काकूंच्या गुडघ्यांनी आता जिना नको म्हटलं आहे. चिकाची वाटी मी त्यांना घरी नेऊन देतो, आणि त्या ती संपेपर्यंत मला "अहो प्लॅनिंग, बसा" म्हणून समोर बसवून ठेवतात.

परवा, स्कूटरच्या सीटचा चटका बसला त्याच संध्याकाळी, आम्ही यंदाचे पहिले गहू भिजवले. बाकीच्या जणी गेल्या होत्या. शोभाताई खाली बसून हात धूत होत्या. गच्चीच्या कठड्यावर उन्हाची शेवटची पट्टी होती. मन अगदी भरून आलं होतं. अशा वेळी मी काहीतरी बोलून बसतो, हे मला आता माहीत असूनही मी बोललो.

"शोभाताई, चार वर्षांत एक विचारायचं राहिलं. तेव्हा तुम्ही तीन घरं सोडलीत. मी तर काहीच केलेलं नव्हतं. एवढा माझ्यावर भरवसा कसा ठेवलात हो?"

त्यांनी हात झटकले. माझ्याकडे पाहिलं. खरोखर आश्चर्याने पाहिलं.

"तुमच्यावर? नाई जी भाऊ! भरवसा मले माझ्या हातावर होता. तुमी मधात मधात येत होते, म्हून जरासं भेव वाटे."